अँटिथ्रॉम्बिनचा उंदरांमधील अभ्यास : नवख्या संशोधकासाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

रक्त गोठवणाऱ्या घटकांची साखळी जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला पाठ असते. त्या साखळीला आवर घालणारी प्रथिने मात्र अभ्यासक्रमात एखाद्या परिच्छेदातच आटोपतात. अँटिथ्रॉम्बिन हे या आवर घालणाऱ्यांपैकी एक प्रमुख प्रथिन. ते यकृतात तयार होते, त्याचा रेणुभार सुमारे ५८ किलोडाल्टन असतो आणि थ्रॉम्बिन व क्रियाशील दहावा घटक ही रक्त गोठवणारी विकरे त्याची मुख्य लक्ष्ये असतात. आपल्या रचनेतील ३९३वे आर्जिनिन आणि ३९४वे सेरीन यांमधला बंध ते विकरापुढे आमिषासारखा धरते. विकर तो बंध तोडू लागते आणि तोडता तोडताच अँटिथ्रॉम्बिनला चिकटून कायमचे निकामी होते. एरवी संथ चालणारी ही क्रिया हेपरिन हे गोठणे रोखणारे औषध जोडले गेले की सुमारे हजारपट वेगाने होते, आणि हेपरिनसारखेच काम रक्तवाहिनीच्या अस्तरावरील हेपरान सल्फेटही करते. १९६५ मध्ये नॉर्वेतील ओलाव एगेबर्ग यांनी वारंवार गुठळ्या होणाऱ्या एका कुटुंबात या प्रथिनाची पातळी निम्म्याच्या आसपास असल्याचे दाखवले आणि निम्मी घटसुद्धा माणसाला धोक्याची ठरते, हे त्यातून पुढे आले.

हा लेख जीवरसायनशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र किंवा पशुवैद्यक शाखेतून पीएचडीला आलेल्या आणि पहिल्यांदाच उंदरांमध्ये अशा प्रथिनाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी आहे. गुठळी झाली की नाही एवढे पाहून असा अभ्यास पूर्ण होत नाही. प्रथिन किती आहे, ते काम किती करते आणि त्याच्या कमतरतेचा शरीरावर परिणाम काय होतो, ही तीन मोजमापे स्वतंत्रपणे करावी लागतात. शिवाय संशोधकाच्या हातून सुईच्या टोकावर झालेली गुठळी प्राण्याच्या खात्यावर जमा होणार नाही, याची काळजी पहिल्या दिवसापासून घ्यावी लागते.

पहिली पायरी : प्रश्न आणि त्याला साजेसा प्राणी

“अँटिथ्रॉम्बिनचे कार्य अभ्यासणे” हा प्रश्न होऊ शकत नाही. गर्भाच्या वाढीत त्याची गरज काय, प्रौढ प्राण्यात पातळी कितीपर्यंत उतरली की गुठळ्या होऊ लागतात, हेपरिन जोडण्याच्या जागेचे महत्त्व किती, किंवा एखादे औषध ही कमतरता भरून काढते का, हे चार वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांना प्राणीही वेगवेगळे लागतात.

गर्भवाढीचा प्रश्न असेल तर जनुक पूर्णपणे निकामी केलेले उंदीर वापरावे लागतात. जपानमधील संशोधकांनी २००० साली असे उंदीर तयार केले, तेव्हा दोन्ही प्रती निकामी असलेले सर्व गर्भ १६.५ दिवसांच्या आत दगावले. त्यांच्या हृदयस्नायूत आणि यकृतात फायब्रिन, म्हणजे गुठळीचे धागे बनवणारे प्रथिन, साचलेले होते, तर त्वचेखाली मोठा रक्तस्राव झालेला होता. गोठणे रोखणारे प्रथिन नसताना रक्तस्राव व्हावा, हे नवख्याला कोड्यासारखे वाटते. पण बेलगाम गोठण्यात फायब्रिन ज्यापासून बनते ते फायब्रिनोजेन, इतर घटक आणि प्लेटलेट्स खर्ची पडतात आणि मग साधी गळतीही थांबत नाही. म्हणूनच या प्रथिनाच्या अभ्यासात रक्तस्राव दिसला म्हणून गोठणे कमी झाले असे गृहीत धरू नये.

एकच प्रत निकामी असलेले उंदीर जन्मतात, वाढतात आणि पिलेही देतात. त्यांच्यात पातळी निम्मी असते, पण माणसाप्रमाणे आपोआप गुठळ्या होत नाहीत. जंतूंच्या आवरणातील एलपीएस टोचून किंवा प्राण्याला जखडून ठेवण्याचा ताण देऊन मात्र त्यांच्यात सामान्य उंदरांपेक्षा अधिक गुठळ्या होतात, असे त्याच जनुकबदलाच्या उंदरांवर पुढे दाखवले गेले. ताणाचा हा परिणाम मला विशेष महत्त्वाचा वाटतो. पिंजरा हलवणे, अनोळखी हाताळणी, खोलीतला गोंगाट यांचाही प्राण्यावर ताण येतो. त्यामुळे प्रयोगाआधी निदान आठवडाभर प्राण्यांना खोलीची आणि हाताळणाऱ्या व्यक्तीची सवय होऊ द्यावी आणि त्याची नोंद ठेवावी.

हेपरिन जोडण्याच्या जागेबद्दल प्रश्न असेल, तर त्या जागेतील एकच अमिनो आम्ल बदललेले उंदीर उपयोगी पडतात. त्यांच्यात प्रथिन असते, पण हेपरिनची हाक त्याला ऐकू येत नाही. बेल्जियममधील संशोधकांनी २००३ मध्ये वर्णन केलेल्या अशा उंदरांमध्ये हृदय, यकृत, डोळे आणि वार यांच्या रक्तवाहिन्यांत आपोआप गुठळ्या झाल्या.

प्रौढ प्राण्यात पातळी ठरवून उतरवायची असेल, तर मेदकणांत भरून यकृतात पोहोचवलेला आणि तेथे ठरावीक जनुकापासून प्रथिन बनू न देणारा लहान हस्तक्षेपी आरएनए हा आज सर्वांत सोयीचा मार्ग आहे. नेदरलँड्समधील लायडेन येथील संशोधकांनी २०१३ मध्ये अँटिथ्रॉम्बिन आणि गोठण्याला आवर घालणारेच दुसरे प्रथिन प्रोटीन सी या दोन्हींची निर्मिती यकृतात एकाच वेळी थांबवली, तेव्हा काही दिवसांतच प्रौढ उंदरांच्या डोक्यातील मोठ्या शिरांत गुठळ्या झाल्या आणि डोळ्यांभोवती रक्तस्राव दिसू लागला. या पद्धतीत शस्त्रक्रिया लागत नाही, ही तिची मोठी जमेची बाजू. तुलनेच्या गटाला मात्र नुसते सलाइन देऊन चालत नाही. त्याच मेदकणांत भरलेला, पण उंदराच्या कोणत्याही जनुकाशी न जुळणारा आरएनए द्यावा लागतो, कारण मेदकण स्वतःही यकृताला थोडेफार डिवचू शकतात.

दुसरी पायरी : परवानगी आणि थांबण्याचे निकष

भारतात प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० आणि त्याखालील १९९८चे प्रजनन व प्रयोगविषयक नियम लागू होतात. संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची लेखी मंजुरी मिळाल्याशिवाय एकही प्राणी मागवू नये. अर्ज करताना बहुतेक विद्यार्थी प्राण्यांच्या संख्येपाशी अडखळतात. तेथे “मागील अभ्यासांप्रमाणे प्रत्येकी दहा” असे लिहिणे पुरेसे नाही. जो फरक दिसला तरच तुमच्या निष्कर्षाला अर्थ येईल तो फरक आणि त्या मापनातील अपेक्षित विखुरण यांवरून संख्या काढून दाखवावी, आणि वगळावे लागतील अशा नमुन्यांसाठी थोडी वाढ कारणासह मागावी.

थांबण्याचे निकष आधीच कागदावर आणावेत. या प्रथिनाच्या कमतरतेत प्रकृती काही तासांत ढासळू शकते, त्यामुळे दिवसातून एकदा पाहणे पुरत नाही. डोळ्यांभोवती सूज, पाठ वाकवून बसणे, केस विस्कटणे, हालचाल मंदावणे आणि वजन घटणे या लक्षणांना गुण देणारा तक्ता पिंजऱ्याला लावावा आणि ठरलेली गुणसंख्या गाठताच प्राण्याला वेदनारहित मरण द्यावे. ही प्राण्याप्रती आपली जबाबदारी आहेच. शिवाय रात्री मेलेल्या प्राण्याचे रक्त मोजता येत नाही आणि मृत्यूनंतरच्या गुठळ्या आधीच्या गुठळ्यांत मिसळतात.

तिसरी पायरी : पैदास आणि जनुकतपासणी

एकच प्रत निकामी असलेले नर आणि मादी एकत्र ठेवावेत. मेंडेलच्या हिशेबाने चारांपैकी एका गर्भात दोन्ही प्रती निकामी असतील आणि तो जन्मणार नाही. म्हणून जन्मलेल्या पिलांत सामान्य आणि एक-प्रत-निकामी यांचे प्रमाण एकास दोन असे अपेक्षित असते. २१व्या दिवशी पिले आईपासून वेगळी करताना हे प्रमाण काय-वर्ग कसोटीने तपासावे. ते लक्षणीयरीत्या बिघडले असेल तर एक प्रत निकामी असलेली काही पिलेही दगावत असावीत किंवा जनुकतपासणीत चूक असावी. तपासणीसाठी कानाचा बारीक तुकडा घ्यावा. रक्तस्रावाची शक्यता असलेल्या प्राण्याची शेपटी छाटू नये.

तुलनेसाठी एकाच वेतातील सामान्य भावंडेच घ्यावीत. बाजारातून आणलेले त्याच जातीचे उंदीर सोयीचे असतात, पण त्यांचा आहार, आतड्यातील जंतू आणि पार्श्वभूमीची जनुके वेगळी असू शकतात. रक्त गोठण्याच्या बाबतीत पार्श्वभूमी किती फरक पाडते, हे फॅक्टर पाच लायडेन हा गुठळ्यांची प्रवृत्ती वाढवणारा जनुकबदल असलेल्या उंदरांनी दाखवले आहे. तोच बदल एका जातीत नवजात पिलांना मारक ठरतो, तर दुसरीत बऱ्याच अंशी निभावून जातो. मिश्र पार्श्वभूमीचे प्राणी मिळाले असतील तर एका शुद्ध जातीशी दहा पिढ्या उलट संकर करणे वेळखाऊ असले तरी टाळू नये.

चौथी पायरी : रक्त काढणे

या पायरीला मी सर्वांत अधिक जागा देत आहे, कारण माझ्या मते या क्षेत्रातील निकामी नमुन्यांचा मोठा भाग येथेच तयार होतो. २५ ग्रॅमच्या उंदरात एकूण रक्त सुमारे दोन मिली असते. अखेरच्या वेळी त्यातले सातशे ते हजार मायक्रोलिटर नीट काढता येते, आणि सुई ऊतीतून जाताना ऊतीघटक, म्हणजे ऊतींतले गोठणे सुरू करणारे प्रथिन, मिसळला की गोठण्याची साखळी नळीत पोहोचण्याआधीच सुरू होते.

शेपटीतून किंवा डोळ्याच्या खोबणीतून घेतलेले रक्त गोठणक्रियेच्या मोजमापासाठी वापरू नये. छातीतून थेट हृदयात सुई घालणे बऱ्याच ठिकाणी प्रचलित आहे, परंतु हृदयस्नायूत ऊतीघटक भरपूर असतो आणि पहिल्या प्रयत्नात नेम चुकला की नमुना गेला असे समजावे. खोल भुलीखाली पोट उघडून, आतडी ओल्या कापसाने बाजूला सारून, मूत्रपिंडाच्या शिरांखाली अधोमहाशिरेतून रक्त घेणे मला सर्वांत खात्रीचे वाटते. भूल कोणती द्यायची ते एकदा ठरवावे आणि सर्व गटांना तीच द्यावी.

सिरिंजमध्ये ३.२ टक्के सोडियम सायट्रेट आधीच भरून ठेवावे. नऊ भाग रक्ताला एक भाग, म्हणजे ९०० मायक्रोलिटर रक्तासाठी १०० मायक्रोलिटर. सुईच्या पोकळीतही सायट्रेट असावे. दट्ट्या सावकाश आणि न थांबता ओढावा. रक्त ६०० मायक्रोलिटरवरच थांबले तर प्रमाण सहास एक होते, रक्तद्रव अधिक पातळ होतो आणि पातळी खोटी कमी दिसते. असा नमुना “चालून जाईल” म्हणून ठेवू नये. हेपरिनच्या नळ्या तर या कामाच्या खोलीतच नसाव्यात. रक्त गोठवून मिळणारा सीरमही चालत नाही, कारण गोठताना अँटिथ्रॉम्बिनचा काही भाग वापरला जातो.

नमुना वगळण्याचे निकष, म्हणजे रक्त काढायला एका मिनिटाहून अधिक वेळ लागणे, मध्ये खंड पडणे, गुठळीचा धागा दिसणे, रक्तद्रव लालसर असणे किंवा आकारमान अपुरे असणे, प्रयोगाआधी लिहून ठेवावेत आणि प्राणी कोणत्या गटातला आहे हे ठाऊक नसलेल्या व्यक्तीने ते लावावेत. सुरुवातीला दहा-बारा सामान्य उंदरांवर फक्त रक्त काढण्याचा सराव करावा आणि थ्रॉम्बिन-अँटिथ्रॉम्बिन संकुलाची, म्हणजे गोठणे सुरू झाले की या दोन प्रथिनांच्या बनणाऱ्या जोडीची, पातळी मोजावी. ती सर्व प्राण्यांत कमी आणि एकमेकांजवळ येईपर्यंत खऱ्या प्रयोगाला हात घालू नये. यासाठी समितीकडे वेगळी संख्या मागावी लागते. ती मागण्यात संकोच करू नये.

रक्त मिळाल्यावर अर्ध्या तासाच्या आत खोलीच्या तापमानाला २००० जी बलावर १५ मिनिटे फिरवावे, वरचा दोन तृतीयांश रक्तद्रव काढून पुन्हा तसाच फिरवावा आणि ५० मायक्रोलिटरच्या छोट्या भागांत उणे ८० अंशांवर ठेवावा. एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवू नये. प्लेटलेट मोजण्यासाठी थोडे रक्त ईडीटीएच्या नळीत वेगळे घ्यावे. उंदराच्या रक्तात दर मायक्रोलिटरला दहा लाखांच्या आसपास प्लेटलेट्स असतात, तर माणसात दीड ते साडेचार लाख; म्हणून चार लाखांचा आकडा पाहून “सामान्य” अशी नोंद करणे ही गंभीर चूक ठरेल.

पाचवी पायरी : कार्य, प्रमाण आणि वापर

कार्य मोजण्यासाठी पातळ केलेल्या रक्तद्रवात हेपरिन आणि ठरावीक जास्तीचा क्रियाशील दहावा घटक मिसळतात. अँटिथ्रॉम्बिन त्यातला काही अडवते आणि उरलेला घटक रंगद्रव्य सोडणाऱ्या पदार्थावर काम करतो. ४०५ नॅनोमीटरवर पिवळा रंग जितका अधिक, तितके अँटिथ्रॉम्बिन कमी, हे उलटे नाते आलेख काढताना विसरू नये. थ्रॉम्बिनवर आधारलेली चाचणीही मिळते, पण तीत हेपरिन कोफॅक्टर दोन हे दुसरे प्रथिन लुडबूड करू शकते. म्हणून दहाव्या घटकावरची चाचणी मी पसंत करतो. शंभर टक्के कशाला म्हणायचे ते माणसाच्या मानक रक्तद्रवावरून न ठरवता, किमान वीस सामान्य उंदरांचा मिश्र रक्तद्रव करून त्यावरून ठरवावे आणि तो संपूर्ण प्रकल्पाला पुरेल एवढा साठवावा.

प्रमाण मोजण्यासाठी उंदराच्या प्रथिनाला ओळखणारे प्रतिपिंड वापरून एलायझा करावी. माणसासाठीचा संच उंदराच्या प्रथिनाला दाद देतो की नाही, हे आधी तपासावे. कार्य आणि प्रमाण दोन्ही सारखेच घटले असतील तर प्रथिनच कमी आहे. प्रमाण ठीक आणि कार्य घटलेले असेल तर प्रथिन सदोष आहे. हेपरिनशिवाय, जास्त वेळ देऊन तीच चाचणी केली की दोष हेपरिनच्या जागेत आहे की विकर अडकवणाऱ्या भागात, तेही कळते.

येथे दोन सापळे आहेत. प्रोथ्रॉम्बिन टाइम आणि एपीटीटी या गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या नेहमीच्या चाचण्या अँटिथ्रॉम्बिनच्या कमतरतेला जवळजवळ दाद देत नाहीत. त्या सामान्य आल्या म्हणून बदल नाही असे समजू नये. आणि त्या लांबल्या तर बहुधा घटक खर्ची पडले आहेत. दुसरा सापळा थ्रॉम्बिन-अँटिथ्रॉम्बिन संकुलाचा. गोठणे सुरू आहे हे दाखवणारे हे चिन्ह ज्या प्रथिनाने बनते, तेच येथे कमी आहे. त्यामुळे थ्रॉम्बिन भरपूर तयार होत असूनही संकुल कमी दिसू शकते. म्हणून फायब्रिनोजेनची घट, प्लेटलेट्सची घट, ऊतींतील फायब्रिन आणि शक्य असल्यास रक्तद्रवातील थ्रॉम्बिन निर्मितीचा आलेख ही मापे एकत्र वाचावीत.

सहावी पायरी : गुठळीला निमित्त देणे

आपोआप गुठळ्या न होणाऱ्या प्राण्यात काहीतरी निमित्त द्यावे लागते. अधोमहाशिर पूर्ण बांधली की जवळजवळ प्रत्येक उंदरात मोठी गुठळी होते. औषधाने गुठळी कमी होते का, हे पाहायला ती पद्धत चांगली. पण आपल्याला कमतरतेमुळे गुठळी वाढते का हे पाहायचे असते, आणि छताला टेकलेल्या आकड्याला वाढायला जागा नसते. येथे शीर अंशतः आवळण्याची पद्धत योग्य, कारण सामान्य प्राण्यांपैकी काहींतच गुठळी होते. तिचे विखुरण मोठे असते, त्यामुळे प्राणी अधिक लागतात आणि शिरेच्या बाजूच्या फांद्यांची रचना प्रत्येक प्राण्यात पाहून नोंदवावी लागते. मानेच्या धमनीवर फेरिक क्लोराइड लावण्याच्या पद्धतीतही तीव्र द्रावणाने सर्वच प्राण्यांची धमनी लवकर बंद पडते. सामान्य प्राण्यांत ती बंद व्हायला पुरेसा वेळ लागेल एवढे सौम्य द्रावण आधी शोधून काढावे.

शस्त्रक्रिया करणाऱ्याला गट ठाऊक नसावा, आणि एकाच दिवशी दोन्ही गटांचे प्राणी आलटून पालटून घ्यावेत. सकाळी सर्व सामान्य आणि दुपारी सर्व बदललेले, असे केल्यास हाताला आलेला थकवासुद्धा जनुकाच्या नावावर जमा होतो.

सातवी पायरी : ऊती

रक्तवाहिन्या सलाइनने धुऊन अवयव स्थिरीकरणात टाकावेत आणि यकृत, हृदय, मूत्रपिंड, फुप्फुस व मेंदू हे सर्व दरवेळी ठरावीक जागेवरून कापावेत. जिवंतपणी झालेली गुठळी भिंतीला चिकटलेली असते आणि तीत थर दिसतात. मृत्यूनंतरची गुठळी एकसंध व सैल असते. फायब्रिनोजेनला न ओळखता केवळ फायब्रिनला ओळखणारे ५९डी८ हे प्रतिपिंड उपलब्ध असल्याने नुसत्या रंगावर विसंबण्याची गरज नाही.

आठवी पायरी : उणीव भरून पाहणे

कमतरतेमुळे परिणाम झाला असे म्हणायचे असेल, तर प्रथिन परत दिल्यावर तो परिणाम ओसरला पाहिजे. माणसाच्या रक्तद्रवातून काढलेले अँटिथ्रॉम्बिन त्यासाठी वापरता येते. जनुकबदल केलेल्या शेळ्यांच्या दुधातून काढलेले अँटिथ्रॉम्बिनही औषध म्हणून २००६ मध्ये युरोपात आणि २००९ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. त्याच्या शर्करासाखळ्या वेगळ्या असल्याने ते रक्तातून लवकर निघून जाते. दोन्ही प्रथिने माणसाची आहेत, त्यामुळे उंदीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवतो. प्रयोग काही दिवसांतच आटोपेल असा आखावा आणि मात्रा दिल्यानंतर रक्तातील कार्य प्रत्यक्ष मोजावे.

पातळी आणि परिणाम यांचा आलेख काढताना फिटुसिरानचा इतिहास डोळ्यांसमोर ठेवावा. हिमोफिलियात रक्तस्राव थांबावा म्हणून अँटिथ्रॉम्बिन मुद्दाम उतरवणारे हे औषध आधी हिमोफिलियाग्रस्त उंदरांत आणि माकडांत तपासले गेले होते. २०१७ मध्ये मानवी चाचणीत एका रुग्णाचा मेंदूच्या शिरेतील गुठळीने मृत्यू झाला आणि मात्रा थांबवाव्या लागल्या. पुढे पातळी १५ ते ३५ टक्क्यांच्या दरम्यान राखणारी मात्रा ठरवली गेली आणि मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली. म्हणून तुमच्या अभ्यासात “सामान्य” आणि “कमी” असे दोनच गट ठेवू नका. ७५, ५०, ३० आणि १५ टक्के अशा पायऱ्या ठेवाव्यात, आणि प्रत्येक प्राण्याची पातळी त्याच्या परिणामाशेजारी छापावी.

गुठळीचे वजन कित्येक प्राण्यांत शून्य येते, त्यामुळे सरासरी आणि टी-कसोटी येथे फसवी ठरते. गुठळी झाली किंवा नाही यासाठी फिशरची कसोटी वापरावी आणि वजनाची तुलना श्रेणीवर आधारित कसोटीने वेगळी करावी. एकाच वेतातील चार पिले म्हणजे चार पूर्णपणे स्वतंत्र निरीक्षणे नव्हेत, हेही विश्लेषणात धरावे. नर आणि मादी दोन्ही घ्यावेत आणि त्यांचे आकडे वेगळे दाखवावेत. प्राण्यांवरील संशोधनाच्या मांडणीसाठी २०१० मध्ये आलेली आणि २०२० मध्ये सुधारलेली अराइव्ह मार्गदर्शक तत्त्वे प्रयोगाच्या आखणीच्या वेळीच छापून वहीत लावावीत. लेख लिहिताना ती पहिल्यांदा उघडली तर वेताचा क्रमांक, भुलीचा कालावधी, वगळलेले नमुने आणि वगळण्याचे कारण या नोंदी तोवर हरवलेल्या असतात.